मेलेली कीड मोजू नका, जगलेली मोजा



कपाशीवर फवारा मारला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपण रानात जातो आणि पान उलटून पाहतो. तुडतुडे दिसले नाहीत, मावा वाळून चिकटलेला दिसला, की जिवाला बरे वाटते. कृषी सेवा केंद्रात दुकानदार विचारतो, "काय, पडली का कीड?" आपण म्हणतो, "पडली." झाले! औषध पास. दुसऱ्या दिवशी शेजारीही तेच औषध मागायला जातो.

वीस-पंचवीस दिवस जातात. पाऊस उघडतो, ऊन तापते आणि त्याच रानात पऱ्हाटीच्या खालच्या पानांवर पांढुरके ठिपके पडू लागतात. पान तांबूस होते. उलटून पाहावे तर मागे बारीक जाळी आणि जाळीत हलणारे ठिपके. लाल कोळी! पुन्हा दुकान गाठायचे. दुकानदार सांगतो, "याला ते औषध चालत नाही, कोळ्याचे वेगळे लागते." नवी बाटली येते आणि उधारीच्या वहीत नवी ओळ चढते.

या दोन बाटल्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आपल्याला कोणी सांगत नाही. तो संबंध आहे. अनेकदा पहिल्या बाटलीनेच दुसरीचे गिऱ्हाईक तयार केलेले असते. आज या पानावर त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

कोळी हा कीटक नव्हे

आधी शत्रू नीट ओळखू. लाल कोळ्याला आठ पाय असतात. कीटकाला सहा. तो गोचिडाच्या गोतातला आहे. त्यामुळे तुडतुड्याला मारणारी पुष्कळ औषधे कोळ्याला मारत नाहीत, मारली तर अर्धवट मारतात. कपाशीवरचा कोळी एक आणि ज्वारीवरचा दुसऱ्या जातीचा. पण दोघांची रीत सारखीच. पानाच्या मागे बसून पेशीतला रस शोषायचा, उष्ण व कोरड्या हवेत भराभर वाढायचे. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला अशा हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी अंडी घालते. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात एवढेच.

आपल्याकडे कोळ्याची गफलत फार होते. कपाशीत त्याला "लाल्या" समजतात, ज्वारीत "तांबेरा". लाल्या ही अन्नद्रव्याच्या कमतरतेची आणि ताणाची विकृती आहे, तांबेरा ही बुरशी. दोन्हींत पानामागे जाळी नसते आणि चालते ठिपके नसतात. पांढरा कागद धरून त्यावर पान झटका. ठिपके चालू लागले तर कोळी. साधे दहापट दाखवणारे भिंग गावात एक असले तरी पुरे. रब्बी ज्वारीत कोळ्याने खालची पाने वाळली तर दाण्याचे नुकसान वेगळे आणि कडब्याचे वेगळे. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला कडब्याचे मोल सांगायला नको.

कोणी म्हणेल, "कोळी ही काही कपाशीची मोठी कीड नाही." मान्य आहे. आपल्या कोरडवाहू रानात कोळी दुय्यम कीड म्हणूनच राहत आला. प्रश्न असा आहे की त्याला दुय्यम ठेवत कोण होते?

फुकटचे राखणदार

कोळ्याला खाणारेही कोळीच असतात. परभक्षी कोळी, चपळ, नासपतीच्या आकाराचे, पानाच्या शिरेलगत पळणारे. स्टेथोरस नावाचा खसखशीच्या दाण्याएवढा काळा ढालकिडा असतो, तो व त्याची अळी कोळ्यावरच जगतात. क्रायसोपाची अळी, मोठ्या डोळ्यांचा ढेकूण, लहान चाचा ढेकूण, कोळी खाणारे फुलकिडे, हे सगळे याच कामावर असतात. त्यांना मजुरी नाही, डिझेल नाही, उधारी नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. ज्या फुलकिड्यांवर आपण पेरणीपासून विष घालतो, त्यांतले काही कोवळ्या कपाशीवर कोळ्याची अंडी खातात. ऑस्ट्रेलियातील लुईस विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९६ साली कपाशीवरच दाखवून दिले, आणि त्यात आपल्याकडे कांद्यावर व कपाशीवर येणाऱ्या फुलकिड्याची जातही होती. १९९८ साली त्यांनी पुढचा हिशेब मांडला: हंगामाच्या सुरुवातीला केलेल्या फवारण्यांनी हे राखणदार घटतात आणि पुढे त्याच रानात कोळी उसळतो. फुलकिडे फार झाले तर नुकसान करतातच. पण पानावर दोन-चार दिसताच पंप उचलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

न मारणारे विष काय काय करते

कृषी पदवीच्या वर्गात कीटकनाशकाची एकच परीक्षा शिकवली जाई. शंभर किडे घ्या, विष द्या, दोन-तीन दिवसांनी मेलेले मोजा. अर्धे मारणारी मात्रा कोणती, नव्वद टक्के मारणारी कोणती. जे जगले त्यांचे काय झाले, हा प्रश्न परीक्षेत नव्हता. पण शेतात पुढची पिढी मेलेले घालत नाहीत. जगलेले घालतात. त्यांच्यावर त्या विषाने काय केले ते पाहा.

पहिली गोष्ट, काही विषांनी कोळ्याची अंडी वाढतात. विषाची थोडी मात्रा जीव घेण्याऐवजी त्याला उत्तेजन देते, याला टी. डी. लकी या शास्त्रज्ञाने १९६८ सालीच "हॉर्मोलिगोसिस" असे नाव दिले होते. इमिडाक्लोप्रिड तर आपल्या घराघरात पोचलेले औषध. त्याचा फवारा अंगावर पडलेल्या दोन ठिपक्यांच्या कोळ्याने पहिल्या बारा दिवसांत १० ते २६ टक्के अंडी जास्त घातली, असे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात जेम्स आणि प्राइस यांनी २००२ साली नोंदवले. औषध शोषलेल्या झाडाचे पान खाल्लेल्या कोळ्यांचीही अंडी वाढली.

वीस टक्के म्हणजे काय मोठे, असे वाटेल. नुसता गुणाकार करा. एका मादीच्या जागी पुढच्या पिढीत दहा उरत असतील, तर चार पिढ्यांत दहा हजार होतात. दहाच्या जागी बारा उरल्या तर चार पिढ्यांत वीस हजारांच्या वर जातात. म्हणजे चाळीस दिवसांत दुप्पट. चक्रवाढ व्याज काय असते ते सावकाराच्या दारात उभे राहिलेल्याला शिकवावे लागत नाही. कोळ्याचेही व्याज चक्रवाढच आहे.

दुसरी गोष्ट, झाडच लेचेपेचे होते. कीड रस शोषू लागली की झाड आपल्या पानात बचावाची द्रव्ये तयार करते. निओनिकोटिनॉइड गटातल्या औषधांनी या बचावात ढवळाढवळ होते आणि कोळी वाढतो, असे अमेरिकेतील शेपानिएक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली कपाशी, मका आणि टोमॅटो या तीन पिकांवर दाखवले. त्यातल्या कपाशीवर होते थायामेथोक्झाम. तेच औषध आपण ज्वारीच्या बियाण्याला खोडमाशीसाठी चोळतो.

तिसरी गोष्ट, कोळी पांगतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे कोळ्याला नीट मारत नाहीत, पण डिवचतात. एका पानावर दाटीने बसलेल्या माद्या उठून चहूकडे जातात आणि प्रत्येक जण नवे घर मांडते. एका झाडावरचा चट्टा रानभर होतो. उलट परभक्षी कोळी त्या औषधाच्या पानावर पाय ठेवायला तयार नसतो. न्यूझीलंडचे पेनमन आणि चॅपमन यांनी १९८८ साली पायरेथ्रॉइडमुळे उसळणाऱ्या कोळ्यांचा सगळा आढावा घेऊन ठेवला आहे. म्हणजे ही माहिती काल-परवाची नाही.

चौथी गोष्ट, राखणदार लुळा होतो. ढालकिडा मरत नाही, पण विषारी कोळी खाऊन सुस्त पडतो. भक्ष्य शोधायला त्याला वेळ लागतो, अंडी कमी होतात. कपाशीच्या पानाच्या मागे मधल्या शिरेवर मधाची बारीक गाठ असते. गांधीलमाशीच्या जातीचे लहान परोपजीवी कीटक त्या मधावर जगतात आणि बोंडअळीच्या अंगात अंडी घालतात. औषध झाडात भिनले की या मधातही उतरते. स्टॅपेल, कोर्टेसेरो आणि लुईस यांनी २००० साली दाखवले की असा मध प्यालेल्या परोपजीवी माशीचे आयुष्य घटते आणि यजमान अळी शोधण्याची तिची ताकद कमी होते. मित्रकीटकांवरच्या अशा न मारणाऱ्या परिणामांचा मोठा आढावा देन्यू आणि सहकाऱ्यांनी २००७ साली छापला. दोन दिवसांनी रानात पाहणाऱ्याला ही माशी जिवंतच दिसते. कागदावर तिची नोंद "सुरक्षित" अशी होते.

हे सगळे एकत्र कसे घडते याचा मोठा पुरावा मिळाला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. तिथे बाहेरून आलेल्या एका भुंगेऱ्याचा नायनाट करण्यासाठी झाडांना मुळातून आणि खोडातून इमिडाक्लोप्रिड दिले गेले. फवारा नाही, उडणे नाही, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित पद्धत. आणि एल्मच्या झाडांवर तोवर कोणाच्या खिजगणतीत नसलेला कोळी उसळला. तीन वर्षे मोजणी झाली, २०११ साली अहवाल छापला गेला. औषध दिलेल्या झाडांवर कोळ्यांची अंडी जास्त, आणि ते कोळी खाणारे परभक्षी विषबाधा झालेले. तिथे आपला अडाणी शेतकरी नव्हता, चुकीचा पंप नव्हता, भेसळीचे औषध नव्हते.

"मात्रा तुम्हीच चुकवली"

हे नमूद करण्याचे कारण आहे. फवारणी फसली की कृषी सहायकापासून कंपनीच्या माणसापर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच असते. शेतकरी मात्रा चुकवतो, पाणी कमी वापरतो, तीन औषधे एकत्र कालवतो.

कोरडवाहू रानात पाणी कमी वापरले जाते, हे खरे आहे. दोन किलोमीटरवरून डोक्यावर, बैलगाडीत पाणी आणणारा माणूस एकरी किती पंप मारील? पानाची मागची बाजू ओली होत नाही आणि कोळी तर मागेच असतो. औषधे कालवली जातात हेही खरे. दुकानदारच कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक यांची मिसळ करून देतो. ती चूक सुधारलीच पाहिजे.

पण समजा, मात्रा काटेकोर घेतली. पाणी भरपूर वापरले. मग काय होते? पहिल्या दिवशी पानावर पूर्ण मात्रा असते. ऊन, वारा, दव यांनी ती रोज उतरत जाते. नवी पालवी फुटते तिच्यावर तर औषध पडलेलेच नसते. आठ-दहा दिवसांनी तिथे पाव मात्रा उरते, पुढे त्याहून कमी. म्हणजे तंतोतंत दिलेली पूर्ण मात्रासुद्धा संपण्याआधी अर्धवट मात्रेतून जातेच. बियाण्याला चोळलेल्या औषधाचे तर हे चालत्या घड्याळासारखे आहे. महिना-दीड महिना त्याचा असर, आणि नंतर कमी कमी होत जाणारा अंश. कोणत्याही शेतकऱ्याने कितीही शहाणपणाने फवारले तरी न मारणारी मात्रा टळत नाही. ती औषधाच्या स्वभावात आहे. शेतकऱ्याच्या अडाणीपणाच्या नावावर ती खपवू नका.

बियाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारू या. बीटी कपाशीचे पाकीट फोडा, बी रंगवलेले असते. औषध आधीच चोळून दिले. मला हवे की नको, हे कोणी विचारले? बीटी असावी की नसावी हा आजचा वाद नाही. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावे, हेच आपले म्हणणे. पण निवड म्हणजे घेण्याचे आणि न घेण्याचेही स्वातंत्र्य. ज्या भागात रस शोषणाऱ्या किडी उशिरा आणि कमी येतात, त्या भागातल्या शेतकऱ्याला न चोळलेले बी त्याच दुकानात का मिळू नये?

एकाची कीड गेली, दुसऱ्याची आली

हे आपल्या पिढीने पहिल्यांदा पाहिले असेही नाही. आंध्रातील गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात १९८० च्या दशकात बोंडअळीसाठी पायरेथ्रॉइडचा मारा झाला आणि पांढरी माशी उसळली. १९८७-८८ साली तिथल्या कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला. के. आर. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांनी ग्लेन स्टोन यांच्याबरोबर २०२० साली छापलेल्या निबंधात म्हटले की बीटीपूर्वी कीटकनाशकांवर होत असे त्याहून जास्त खर्च भारतातला कापूस शेतकरी आज करतो. बोंडअळीवरचा फवारा कमी झाला, रस शोषणाऱ्या किडींवरचा वाढला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उरलेला हिशेबही पुरा केला.

भाताच्या पिकात हाच खेळ तपकिरी तुडतुड्याने केला होता. काही औषधांच्या फवाऱ्यानंतर हा तुडतुडा जास्त अंडी घालतो, हे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आपल्याच तमिळनाडूचे एस. चेल्लैया यांनी हाइनरिक्स यांच्याबरोबर १९८० साली दाखवले. त्यावर इंडोनेशियाच्या सरकारने काय केले पाहा. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरची ५७ औषधे बंद केली आणि औषधांवरचे अनुदान तीन वर्षांत काढून घेतले. भाताचे पीक बुडाले नाही. तिथे लोकशाही नव्हती, तरी शास्त्रज्ञांचे ऐकले गेले. आपल्याकडे लोकशाही आहे, शास्त्रज्ञही आहेत, फक्त कान नाहीत.

माणसांचाही हिशेब असाच

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा त्रिकोण औषध माणसाला किती विषारी तेवढेच सांगतो, तेही एका वेळी पोटात किंवा अंगावर गेले तर. ढालकिड्याला ते काय करते, कोळ्याची अंडी वाढवते की घटवते, मित्रकीटकाला किती दिवस त्या झाडावर जाता येणार नाही, याचा एक शब्द त्रिकोण सांगत नाही. नोंदणीच्या फायलीत मित्रकीटकांबद्दल काही कागद असतीलही. शेतकऱ्याच्या हातात येते ती बाटली. फाईल येत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. शेकडो रुग्णालयात दाखल झाली. तेव्हाही मोजले गेले ते मेलेले. घरी परतलेल्यांचे काय? ज्याचे हात थरथरतात, ज्याला धुरकट दिसते, फवारणीनंतर दोन दिवस जेवण जात नाही, तो शेतमजूर कोणत्याच आकड्यात नाही. फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या बाया तर मोजणीच्या बाहेरच. मरण म्हणजे परिणाम आणि जगला म्हणजे काही झाले नाही, ही मोजणी ज्यांनी किड्यांसाठी केली त्यांनीच ती आपल्यालाही लावली.

मग फवारायचेच नाही का?

असा प्रश्न बैठकीत नक्की येईल. फवारायचे. पण हिशेबाने.

तुडतुडे पानामागे दोन-तीन, फुलकिडे दहा, मावा दहा, या विद्यापीठांनी सांगितलेल्या नुकसानीच्या पातळ्या आहेत. त्या गाठेपर्यंत पंप टांगलेला राहू द्या. पेरणीनंतरचे पहिले दोन महिने राखणदारांची फौज उभी राहण्याचे असतात. त्या काळात दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या घाईने फवारू नका. चोळलेले बी पेरले असेल तर त्यावर महिनाभरात त्याच गटाचे औषध मारणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे देणे. पायरेथ्रॉइड आणि मिसळीचे फवारे कोळी दिसत असलेल्या रानात अजिबात नकोत.

कोळी बहुतेक वेळा बांधाकडून, धुळीच्या रस्त्याकडून शिरतो. सुरुवातीला चट्टे असतात. चट्ट्यापुरतेच कोळ्याचे औषध मारा, सगळे रान नको. औषध घेताना ते कोळीनाशक आहे का आणि कपाशीसाठी नोंदलेले आहे का, हे बाटलीवर वाचून घ्या. डायकोफॉल हे जुने कोळीनाशक २०१९ साली जागतिक कराराने बंदीच्या यादीत गेले आणि २०२३ साली आपल्याकडेही त्यावर बंदीचा आदेश निघाला. कोणी जुना माल स्वस्तात देऊ लागला तर हात लावू नका. या कोळ्याने जगभरात नव्वदहून अधिक विषांना दाद न देण्याची ताकद मिळवली आहे, हेही ध्यानात ठेवा. दरवर्षी तेच औषध मारणाऱ्याला ते एक दिवस दगा देणारच.

न मारणारा परिणाम दरवेळी वाईटच असतो असे नाही. निंबोळी अर्क कोळ्याला पटकन पाडत नाही म्हणून लोक त्याला नावे ठेवतात. पण त्याने कोळ्याचे खाणे आणि अंडी घालणे घटते. दोन दिवसांनी मेलेले मोजणाऱ्याला तो नापास दिसतो, वीस दिवसांनी जगलेले मोजणाऱ्याला पास. उलट, गंधक हे सेंद्रिय म्हणवणाऱ्यांचेही लाडके. जास्त मात्रेत ते परभक्षी कोळ्यालाही सोडत नाही. म्हणून "रासायनिक वाईट, नैसर्गिक चांगले" हा भाबडेपणाही आपल्याला परवडणारा नाही. बाटली कोणाचीही असो, तपासणी एकच.

आणि आपली जुनी मिश्र पेरणी विसरू नका. कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी या ओळी अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही ६:१:२:१ अशा प्रमाणात शिफारस केल्या होत्या. ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा वाढतात आणि तिथून कपाशीत उतरतात. ज्वारीची ओळ हे राखणदारांचे पाळणाघर आहे. त्या ओळीवर फवारा नेऊ नका.

आपल्या मागण्या

एक. कपाशी आणि ज्वारीचे न चोळलेले बियाणे, त्याच वाणाचे, प्रत्येक तालुक्यात विक्रीला असावे, आणि औषधाची किंमत वजा करून.

दोन. प्रत्येक कीटकनाशकाच्या बाटलीवर मराठीत ठळक लिहावे: कोळी वाढण्याचा धोका आहे की नाही, आणि मित्रकीटकांना ते झाड किती दिवस घातक राहते.

तीन. विद्यापीठांच्या चाचण्यांत ढालकिडे, क्रायसोपा मोजतात, ही चांगली गोष्ट. पण जिवंत आहेत का एवढेच मोजून थांबू नये. ते खातात का, अंडी घालतात का, आणि महिनाभराने कोळी किती, हेही मोजावे आणि छापावे.

चार. राज्याच्या क्रॉपसॅप योजनेत २००९ पासून गावोगाव किडींची नोंद होते. तिच्यात मित्रकीटकांचेही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

सहा ओळींची वही

मागण्या करून हात जोडून बसणे ही आपली रीत नाही. पुरावा आपल्याच रानात तयार करू. या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या कपाशीत सहा ओळी बिनफवाऱ्याच्या ठेवाव्यात. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाला ठेवा, म्हणजे औषध उडून तिथे पडणार नाही. घरचे मालदांडीचे बी पेरणाऱ्याने ज्वारीच्या दोन ओळी न चोळता पेराव्यात. नुकसान झाले तर त्या ओळींचे, शिकलो तर सगळ्या रानाचे.

फवारणीच्या आदल्या दिवशी, मग तिसऱ्या, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी मोजायचे. फवारलेल्या भागातली दहा झाडे, न फवारलेली दहा. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान. वहीत पाच रकाने: तुडतुडे, फुलकिडे, कोळी, ढालकिडे, क्रायसोपा. सहावा रकाना पैशाचा: औषध किती, मजुरी किती, पाणी वाहायला किती. वेचणी झाली की दोन्हीकडचा कापूस वेगळा तोला.

शाळेत जाणारी पोरे हे काम आपल्यापेक्षा नीट करतात, त्यांना भिंग द्या. वेचणाऱ्या बायांना विचारा, कोणत्या ओळीत पान जास्त तांबडे होते. ते त्यांना आपल्याआधी दिसलेले असते.

वही जिल्ह्याच्या बैठकीला सोबत आणा. फवारलेल्या ओळींत कोळी जास्त निघाला तर ते आकडे घेऊन कृषी अधीक्षकांच्या टेबलाशी जाऊ. निघाला नाही, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगू. आपल्याला कोणाची बाटली फोडायची नाही. तिचा पूर्ण हिशेब हवा आहे, आणि तिसऱ्या दिवशी वही मिटणाऱ्याकडून तो कधीच मिळणार नाही.